शून्य मिनिटांचा वूफर

सरळ सांगते. मी फसवणुकीचं एक यंत्र बनवलं. ते बिघडलं असतं तर आम्ही सुटलो असतो. ते चाललं, म्हणून अडकलो.

यंत्र म्हणजे कॉम्प्युटरच्या जुन्या स्पीकर-सेटमधला बेसचा डबा. दुकानात त्याला वूफर म्हणतात. सेट माझ्या ताईच्या नवऱ्याचा, भाऊजींच्या कॉलेजच्या दिवसांतला. त्याचे दोन छोटे स्पीकर कधीच गेले होते, आणि आवाज कमीजास्त करायची जी वायरवाली डबी असते, तिची वायर घर बदलताना सामानवाल्यांनी तोडली होती. उरला होता तो काळा लाकडी ठोकळा. कन्नड मुलखात, हेब्बाळच्या त्या फ्लॅटमध्ये मी पोचले तेव्हा त्याच्यावर बाळाच्या दुपट्यांची चळत होती.

मी आले होते दोन महिन्यांसाठी. ताईची सासू अमरावतीला परत गेली होती, ताईची बाळंतपणाची रजा संपली होती, आणि नात्यात रिकामी अशी मीच होते. 'रिकामी' हा आईचा शब्द. नागपुरात मी विद्यार्थ्यांच्या संघटनेत होते. वसतिगृहातल्या पाण्यापासून रखडलेल्या निकालापर्यंत कशावरही एका बैठकीत पत्रक लिहून द्यायचे, छापून आणायचे, फाटकाशी उभी राहून वाटायचे. आईच्या मते हे काम नव्हे. माझ्या बॅगेत लाडवांचे डबे तिनं उरलेल्या पत्रकांतच गुंडाळून दिले होते.

चौथा मजला, एक खोली, एक हॉल, आणि गॅलरीतून हात लांब केला तर समोरच्यांचे वाळत घातलेले टॉवेल काढता येतील एवढं अंतर. भाऊजी सकाळी जायचे ते संध्याकाळी उगवायचे. तळं जवळच आहे म्हणतात. मी ते पहिल्या दिवशी रिक्षातून पाहिलं, तेवढंच.

ताई एका कंपनीत लोकांच्या तक्रारी वाचायची. दिवसभर येणाऱ्या ईमेल वाचायच्या आणि ज्या-त्या खात्याकडे ढकलायच्या. आठ वर्षं तेच. बाळ झाल्यावर कंपनीनं तिला घरून काम दिलं आणि त्याला सवलत म्हटलं. सवलतीबरोबर लॅपटॉपमध्ये एक पहारेकरी आला. स्क्रीनच्या कोपऱ्यात ताईच्या नावापुढे हिरवा ठिपका. माऊस किंवा कीबोर्ड पाच मिनिटं हलला नाही की ठिपका पिवळा. पिवळ्या मिनिटांची दर आठवड्याला बेरीज व्हायची आणि ती लीडकडे, म्हणजे टीमच्या मुकादमाकडे जायची. रजेवरून परतलेल्यांवर तीन महिने खास लक्ष. त्या काळात तीन लेखी ताकिदी आल्या की नोकरी गेली. मी पोचले तेव्हा ताईला एक मिळालेली होती.

काम अडत होतं का? नाही. दिवसाला ठरवून दिलेल्या ईमेल ती चार वाजेपर्यंत संपवायची. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. प्रश्न कामाचा नव्हताच. बाई खुर्चीत आहे का, एवढाच प्रश्न होता. आणि बाळ पाच महिन्यांचं. पाच महिन्यांच्या बाळाला पाच मिनिटांत पाजून दाखवणारी कंपनीत कुणी असेल तर तिनं पुढे यावं, मी माझे शब्द मागे घेईन.

ताई टेबलाशी बसून डाव्या हातावर बाळ घ्यायची आणि उजव्या हातानं माऊस फिरवत राहायची. नजर ठिपक्याकडे. ठिपक्याकडे पाहिलं की तिचं अंग आवळायचं, मग दूध यायचं नाही, मग बाळ तोंड सोडून किंचाळायचं. मग कॉलच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी म्हणायचं, प्लीज म्यूट करा.

"याच्यावर पत्रक काढू," मी पहिल्याच दिवशी म्हणाले.

"कुठं वाटशील? लिफ्टमध्ये?"

"तुझ्या टीमला. ऑनलाइन."

"अन् खाली काय लिहिशील? आपली नम्र, हिची बहीण?" ताई हसली नाही. "अवं, मला तीन महिने काढू दे ना बाप्पा. आता सुटली तर पुन्हा कोणी घेत नाही. मी पाह्यलं आहे. माझ्याहून हुशार बायका घरी बसून राहिल्या आहेत."

"मग मी करू काय?"

"माऊस हलव."

आणि मी माऊस हलवला. विद्यापीठाच्या फाटकाला कुलूप लावणारी मी, ताई आतल्या खोलीत पाजत असताना हॉलमध्ये तिच्या खुर्चीत बसून माऊस इकडून तिकडे करायचे. दिवसातून सहा वेळा. एका हातात पुस्तक धरलं तर माऊस थांबायचा, फोन घेतला तर थांबायचा. मोरीत गेले तर धावत यायचे. आठव्या दिवशी मनगट सुजलं. दहाव्या दिवशी मला कळलं की मी स्वतःसुद्धा पाच मिनिटांच्या वर कुठे जात नाही. खाली कोथिंबीर आणायलासुद्धा नाही. पहारेकरी एक होता आणि कैदी आता दोन झाले होते. बाळ धरलं तर तीन.

माऊस हलवणारी पेन ड्राइव्हएवढी वस्तू बाजारात मिळते. पण ती लॅपटॉपला लावली की पहारेकऱ्याला दिसते. ताईच्या टीममधल्या एकाची नोकरी त्यातच गेली होती. ज्यावर माऊस ठेवायचा अशी गोल फिरणारी तबकडीही मिळते. पण ती एकाच लयीत फिरते, आणि एकच लय असली की पकडतात, असं ताईनं ऐकलं होतं. मी टेबलफॅनसमोर कागद लटकवून त्याच्यापुढे माऊस आडवा ठेवून पाहिला. वाऱ्यानं कागद एकाच बाजूला ढकलला जायचा, स्क्रीनवरचा बाण कोपऱ्यात जाऊन बसायचा आणि तिथंच राहायचा. ठिपका पिवळा.

वूफर सुचला तो दुपटी उचलताना. त्याच्या बाजूला मूठभर रुंदीचं एक गोल भोक असतं. आतला पडदा धडधडला की त्या भोकातून हवा बाहेर येते आणि आत जाते. फुंकर येते आणि मागेही जाते! फॅनला जे जमत नव्हतं ते हेच.

पण वूफर मेलेला. प्लग लावला तरी ढिम्म. गल्लीच्या तोंडाशी मिक्सर आणि टीव्ही दुरुस्त करणारे एक अण्णा बसायचे. भाऊजींनी एका शनिवारी बाळ सांभाळलं आणि मी ठोकळा कडेवर घेऊन खाली गेले.

"अम्मा, ये अकेला नहीं चलता," अण्णा म्हणाले. "इसका मालिक वो डब्बी है. डब्बी बोलेगा तो ये उठेगा."

"डबी नाही. अकेला ही चलाना है. छोटे स्पीकर भी नहीं चाहिए."

"सिर्फ बेस? गाना कैसे सुनोगी?"

"गाना नहीं सुनना."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाले, "सरी. स्वल्प बैठो." बरं, थोडं बस म्हणे.

मागची पत्र्याची पाटी आठ स्क्रूंनी बसवलेली होती. ती काढल्यावर मी लगेच आत बोट घालायला गेले तर अण्णांनी माझ्या हातावर चक्क चापट मारली. प्लग काढला तरी आतल्या दोन जाड नळकांड्यांत वीज साठून राहते, ती आधी उतरवावी लागते. ती त्यांनी उतरवली. मग तुटलेल्या वायरीची टोकं सोलली. सात तारा निघाल्या. मीटरची सुई एकेकीला लावत ते पुटपुटत राहिले. या दोन आवाजाच्या, उजवा आणि डावा. ही जमिनीची. हिच्यात पाच व्होल्ट. आणि ही पिवळी, ही झोपेची तार. हिच्यावर वीज आली नाही की आतला अँप्लिफायर झोपून राहतो. डबीतलं बटण एवढंच करायचं, पाच व्होल्ट उचलून पिवळीला द्यायचे. अण्णांनी दोघींच्या मध्ये विजेचा जोर कमी करणारा एक चिमुकला रेझिस्टन्स जोडला आणि प्लग लावला. धप्प. ठोकळा जागा झाला.

पुढचं मी केलं. उजव्या-डाव्याच्या तारा एकेका रेझिस्टन्समधून एकत्र आणून एकच केली, तिला फोनची पिन जोडली. आवाजाचं गोल बटण जुन्या रेडिओतून काढून बसवलं. छोट्या स्पीकरांकडे जाणारी टोकं टेप लावून बंद केली. माझं सोल्डर बघून अण्णांनी "अय्यो" म्हटलं आणि अर्धं पुन्हा केलं. खोटं कशाला सांगू, फार दिवसांनी मला बरं वाटलं होतं. काहीतरी उघडलं होतं, आत काय आहे ते समजलं होतं, आणि ते माझ्या म्हणण्याप्रमाणे वागत होतं.

घरी येऊन भोकासमोर कागदाची पट्टी लटकवली. माऊस पट्टीकडे पोट करून पुस्तकांच्या मध्ये उभा बसवला. पट्टीवर छापील अक्षरं असली तर माऊसला हालचाल लवकर दिसते. कोरा कागद चालत नव्हता, म्हणून लाडवाच्या डब्यावरचं पत्रक कापलं. आता आवाज कोणता लावायचा? एका लयीचा नको. फोनमध्ये आमच्या मोर्च्याचं रेकॉर्डिंग होतं, पाऊण तासाचं. मध्ये डफ, मध्ये घोषणा, मध्ये पोलिसांशी वाद, पुन्हा डफ. लावलं. वूफर फक्त खालचा आवाज घेतो. घोषणा सगळ्या गेल्या. वाद गेला. माझा स्वतःचा घसा फोडून दिलेला आवाज होता त्यात, तोही गेला. उरला नुसता डफ, तोही लांबून कुणी गादी आपटावी तसा. प्रत्येक ठोक्याला पट्टी थरथरायची, बाण दोन बोटं सरकायचा, थांबायचा, परत यायचा.

ठिपका हिरवा.

ताई आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. पंचवीस मिनिटांनी बाहेर आली तेव्हा बाळ खांद्यावर पेंगुळलेलं होतं. "दोन्ही बाजूंनी प्यायली," ताई म्हणाली. जगातली मोठी बातमी सांगावी तशी. त्या दिवशी ती दोन्ही हातांनी जेवली.

आता माझी चूक. ती माझीच आहे, आणि मी जिथं घडले तिथलीच आहे. ताईनं तिसऱ्याच दिवशी सांगितलं होतं, "अधूनमधून बंद करत जा. थोडी पिवळी राहू दे. माणूस आहे असं वाटलं पायजे."

"एक मिनिट देणार नाही मी त्यांना," मी म्हणाले.

आम्ही असंच शिकलो होतो. समोरच्याला एक इंच द्यायचा नाही. मी वूफर सकाळी नऊला लावायचे तो सहाला काढायचे. ताई जागेवर बसून काम करत असली तरी पट्टी थरथरत असायची. दुसरा माऊस तिच्या हातात, आणि बाण मधूनच उडाला की ती तो परत ओढून आणायची. पिवळं मिनिट दिसलं की मला हरल्यासारखं व्हायचं. माझ्या हट्टाला ताई कंटाळली आणि तिनं बोलणं सोडलं. महिना असा गेला.

सोमवारी सकाळी टीमची मीटिंग असायची. मी बाळाला घेऊन कॅमेऱ्यात येणार नाही अशी हॉलमधल्या दिवाणाच्या कडेवर बसायचे. त्या सोमवारी लीडनं स्क्रीनवर एक तक्ता आणला. सगळ्यांची नावं, नावांपुढे महिन्याची पिवळी मिनिटं. कुणाची दोनशे, कुणाची साडेतीनशे. सर्वांत वर ताईचं नाव आणि पुढे शून्य.

"देखिए," लीड म्हणाला, "छोटा बच्चा है घर में. फिर भी ज़ीरो. इसको बोलते हैं कमिटमेंट. अगले महीने से सबका टारगेट दस मिनट."

 ताईच्या मानेवर घाम आलेला मला कडेनं दिसला.

दस मिनट. महिन्याला.

दोन आठवड्यांनी ताईला एका बाईचा फोन आला. टीममधली ती दुसरी मराठी बोलणारी. मूळची निपाणीकडची, आता शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, आनेकलला नवरा आणि सासूसोबत राहायची, नवरा तिथल्या कारखान्यात. ताई बाळाला आंघोळ घालत होती, म्हणून फोन स्पीकरवर मी धरला.

"अक्का, एक विचारू काय? रागवू नका," ती म्हणाली. "तुमी उठतच न्हाई काय?"

ताईनं माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे बघा, मला लघवीचा त्रास झालाय. डॉक्टर म्हणाला पाणी प्या. पाणी प्यालं की उठायला लागतंय, उठलं की पिवळं. म्हणून मी आता पाणीच प्यायचं बंद केलंय. तुमी बाळ असून शून्य करता. कसं करता सांगा की. काय गोळीबिळी घेता काय?"

ताईच्या हातातला तांब्या तसाच. एवढ्या दिवसांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं, आणि तेव्हाही ती रडली नाही. म्हणाली, "मी माझ्या बहिणीला पाठवते तुमच्याकडे. ती सांगेल."

फोन ठेवल्यावर मी म्हणाले, "तिनं जाऊन लीडला सांगितलं तर?"

"तर गेली नोकरी," ताई म्हणाली. "जा तू."

रविवारी दोन बस बदलून मी आनेकलला गेले. पिशवीत सोल्डर, टेप, रेझिस्टन्सची पुडी आणि पत्रकाच्या कापलेल्या पट्ट्या. मनात पूर्ण योजना. हिला यंत्र जोडून देऊ, मग तिसरीला, मग चौथीला. सगळ्या टीमचं शून्य करू, बसू दे त्यांना शून्य मोजत. बसमध्ये मला ही योजना लढ्यासारखी वाटत होती, खरंच.

बाई माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. डोळ्यांखाली काळं, ओठ फुटलेले. चहा दिला, स्वतः घेतला नाही. मी पाणी प्यायले तेव्हा ती माझ्या भांड्याकडे बघत होती. घरात नवऱ्याचा मोठा स्पीकर-सेट होता, त्यातला वूफर माझ्या वूफरच्या दुप्पट. मी सगळं समजावून सांगितलं. भोक, हवा, पट्टी, डफ. ती लक्ष देऊन ऐकत होती. मध्ये एकदा हसली. "म्हणजे अक्का न्हाईतच काय खुर्चीत? डबा बसलाय?"

"डबा बसलाय."

"आणि त्या डब्यापायी आमी पाणी पिईना झालोय."

 मी पेचकस हातात घेतला. "तासाभरात जोडते तुमचा."

"नको."

"अहो, कुणाला कळत नाही. दीड महिना झाला आमचा."

"कळायचं सोडा. माझं शून्य केलंसा, मग शेजारणीचं काय? तिच्या घरात वूफर न्हाई. तिनं काय करायचं, पोटाला बांधून बसायचं?" तिचा आवाज चढला, आत सासूची चाहूल लागली तसा पुन्हा उतरला. "मला डबा नको, बाई. मला मुतायला जायचंय. सांगून जायचंय. शाळेत करंगळी दाखवून जात होतो का न्हाई, तसं. तेवढंबी मागायचं न्हाई काय माणसानं?"

दोन वर्षं पत्रकं लिहिली मी. 'मूलभूत', 'सन्माननीय', 'जाहीर निषेध'. तिच्या या बोलण्यातलं एकही वाक्य माझ्या कुठल्याच पत्रकात नव्हतं.

"अक्कांना सांगा," दाराशी ती म्हणाली, "तेवढं शून्य काढायला लावा. आमचं आमी बघतो."

परतीच्या बसमध्ये मला तिचा राग आला होता. हे लिहायला लाज वाटते, पण आला होता. ती सोपं मागत होती आणि त्याची किंमत माझ्या ताईनं मोजायची होती.

घरी सांगितलं. भाऊजी म्हणाले, तीन महिन्यांतले तीनच आठवडे राहिलेत, शांतपणे काढू. ताई म्हणाली, "मी पाणी पिऊन राहिली ना रोज. तीन तीन लिटर. दूध यावं म्हणून." एवढंच म्हणाली आणि कणीक मळायला लागली.

सोमवारी तक्ता पुन्हा आला. शून्य पुन्हा वर. ताईनं म्यूट काढला.

"सर, मेरा ज़ीरो सही नहीं है," ती म्हणाली. "मैं उठती हूँ. दिन में छह बार. बच्ची को दूध पिलाने. सब मिलाके दो घंटे. मेरा नाम वहाँ से हटाइए, और उसके हिसाब से टारगेट मत लगाइए."

बाळ माझ्या मांडीवर होतं. 

"हॅलो?" लीड म्हणाला. "मॅडम, आपकी आवाज़ कट रही है. नेटवर्क इश्यू है. आगे बढ़ते हैं."

तेवढ्यात दुसरा आवाज आला, आनेकलचा. "सर, आवाज़ साफ आ रही है."

 मग लीडनं पुढचा मुद्दा घेतला.

दुपारी त्यानं ताईला वेगळा फोन केला. मला वाटत होतं ओरडेल. ओरडला नाही. अगदी गोड बोलला, भावासारखा. म्हणाला, तुम्ही काय करता ते मला विचारायचंही नाही आणि ऐकायचंही नाही. तो तक्ता वर गेलाय, ग्राहक कंपनीलाही दाखवून झालाय. आता तो खोटा होता असं मी सांगू शकत नाही. तेव्हा पुढच्या महिन्यातही शून्य दिसलं पाहिजे, कसं ते तुमचं तुम्ही बघा. नाहीतर सगळ्याच गोष्टी उघडाव्या लागतील.

म्हणजे बघा. ज्या खोटेपणाबद्दल काढून टाकायला हवं होतं, तोच आता नोकरीची अट झाला होता. मी वूफर बंद केला तर ताई गेली. चालू ठेवला तर ती आनेकलची बाई गेली, आणि तिच्यासारख्या बाकीच्या. अशा वेळी काय करावं हे संघटनेत कुणी शिकवलं नव्हतं. तिथं आम्ही नेहमी फाटकाच्या बाहेर असायचो.

आनेकलच्या बाईला त्याच आठवड्यात ताकीद आली. कारण: मीटिंगमध्ये अनावश्यक हस्तक्षेप. ताईनं ते वाचलं आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा टाकला. मला न विचारता, भाऊजींना न विचारता. आणि तरीही सुटली नाही, कारण नोटिशीचे नव्वद दिवस भरावे लागतात. ते भरल्यावर कामावरून मुक्त केल्याचं पत्र मिळतं, आणि या शहरात त्या पत्राशिवाय पुढची कंपनी दारातही उभं करत नाही. माझे दोन महिने कधीच संपले होते. आईला कळवलं, अजून नव्वद दिवस.

राजीनाम्याच्या दुसऱ्या सकाळी मी नेहमीप्रमाणे पट्टी लटकवायला गेले तर ताईनं प्लग काढून ठेवला होता. बाळ रडलं. ताईनं टीमच्या ग्रुपवर लिहिलं: 'बच्ची को दूध पिलाने जा रही हूँ. बीस मिनट.' आणि गेली. ठिपका पिवळा झाला. वीस मिनिटं मी त्याच्याकडे बघत बसले, हात मांडीखाली दाबून.

अकरा वाजता आनेकलच्या बाईनं लिहिलं: 'टॉयलेट. पाँच मिनट.' दुपारी तिसऱ्या कुणीतरी तसंच लिहिलं आणि लगेच पुसलं. लीडनं लिहिलं, ग्रुपवर वैयक्तिक मजकूर टाकू नये.  गेले सात आठवडे एवढंच चाललंय, दोघी लिहितात. दहा मिनिटांचं टारगेट तसंच आहे. तिसरी पुन्हा लिहील असं मला रोज वाटतं.

परवा कंपनीची मेल आली. मुक्त केल्याचं पत्र नोटिशीच्या काळातल्या नोंदी पाहून 'विचारात घेतलं' जाईल. मी ती दोनदा वाचली. आणि मग मी, जी एक इंच देत नव्हते, मी ताईच्या मागे लागले.

"जोडून देते ना गं. चाळीसच दिवस राहिलेत. थोडी पिवळी ठेवीन, तू म्हणशील तेवढी. पत्र हातात येऊ दे, मग काय लिहायचं ते लिहू."

"अन् ती?"

"तिचं तिला बघू दे. तीच म्हणाली होती."

ताईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी दुपट्यांच्या घड्या करायला लागले. बाळ रडत होतं. ताईनं एका हातानं ते उचललं, दुसऱ्या हातानं टाइप केलं, खोडलं, पुन्हा केलं.  मेसेज गेला, वीस मिनिटांचाच. ती आत गेली.

अकरा मिनिटांत बाहेर आली. बाळाचं अजून अर्धंच झालं होतं, तोंडाच्या कोपऱ्यात दूध तसंच.

"ढेकर तू काढ," म्हणाली, आणि बाळ माझ्याकडे टाकून पळतच खुर्चीत जाऊन बसली.